मंद पडद्यासमोर बसलेला माणूस

पारोळ्याच्या वार्ताहराचा फोन आला तेव्हा जिल्ह्याचे पान जवळपास लागले होते. त्याच्याकडे दोन-तीन ओळींचीच बातमी होती. जळगावहून धुळ्याला निघालेल्या एस.टी.त एका प्रवाशाच्या छातीत दुखू लागले, कंडक्टरने गाडी सरळ पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेली, तिथे डॉक्टरांनी मृत घोषित केले. मी नाव विचारले.

"मुरलीधर पाटील. खिशात धुळ्याच्या कॉलेजचं कार्ड शे, भाऊ. त्यावर 'तासिका तत्त्वावर' लिखेल शे. नुसतं प्राध्यापक टाकू का? जरा वजन येतं बातमीला."

मग तो पुढे म्हणाला, "आनि डोयावर जाड काळा चष्मा व्हता. 'आंधळ्या प्रवाशाचा मृत्यू' असं करू का हेडिंग?"

"आंधळा नव्हता," मी म्हणालो. "नाव पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितले. मुरलीधर पाटील नावाचा माणूस खानदेशात गावोगाव सापडेल. धुळ्याच्या कॉलेजात तासांवर शिकवणारा आणि एस.टी.तही काळा चष्मा न काढणारा एकच होता... दुसऱ्या दिवशी 'बसमध्ये प्राध्यापकाचा मृत्यू' असा मथळा आला. तो मी दिलेला नव्हता. मी पान सहकाऱ्यावर सोपवून पारोळ्याला निघालो होतो. मथळा देणाऱ्याला दोष देता येत नाही. 'तासिका तत्त्वावरील' हे शब्द एका कॉलमात बसत नाहीत.

याला आता काही आठवडे झाले. या आठवड्यांत मुरलीधरविषयी इतके चांगले बोलले गेले आहे की ऐकणाऱ्याला शिसारी यावी. ज्या संस्थेने त्याला डोळ्यांचे कारण दाखवून शिकवायला अपात्र ठरवले आणि घरी बसवले, तिचे अध्यक्ष जीपगाड्या घेऊन दारावर आले. ताडपत्रीखाली मांडी घालून बसले, 'हिरा गेला' म्हणाले, आणि जाताना गंधमुक्तीच्या उत्तरकार्याचा दिवस विचारून घेतला. तो शैलावहिनींच्या, म्हणजे मुरलीधरच्या पत्नीच्या, दुःखात सामील होण्यासाठी विचारला नव्हता. गंधमुक्तीला माइक असतो, हे कारण होते. म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने इथे लिहून ठेवतो.

आमची ओळख धुळ्याची. ऐंशीच्या आसपास देवपुरात आम्ही एका खोलीत राहत होतो. तो रावेर तालुक्यातल्या केळीच्या गावातून इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेसाठी आलेला, मी एका दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितशोधक. खोलीत एकटे बसायचा कंटाळा आला की तो छापखान्यात येऊन बसे. त्या काळी प्रूफ दोघांनी तपासायची पद्धत होती. एक जण मूळ मजकूर स्वल्पविराम-पूर्णविरामासकट मोठ्याने वाचणार, दुसरा छापलेल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकणार, आणि जिथे कानाला आणि बोटाला वेगळे लागेल तिथे खूण करणार. मुरलीधरला या प्रकाराचे फार कौतुक वाटे. यंत्राची चूकही अशी दोघांनी बसून शोधायला हवी, असे तो म्हणे. खोलीवर त्याचे रेडिओ उघडे पडलेले असत. दुरुस्त झालेला रेडिओ परत जोडायचा त्याला आळस होता. का बिघडला हे कळले की त्याचे काम संपे. हट्टी होता, बोलायला तिखट होता, आणि एखादी गोष्ट खोटी आहे हे कळल्यावर ती चालवून घेणे त्याला शारीरिकदृष्ट्याच जमत नसे. चेहरा आंबट होई. हा चेहरा पुढे त्याला महागात पडला.

नोकरी करता करता त्याने पदवी घेतली आणि नव्वदनंतर जळगावजवळच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात लागला. मीही तोवर जळगावच्या एका दैनिकात आलो होतो. संगणकाची प्रयोगशाळा त्याच्याकडे होती. प्रयोगशाळा म्हणजे मोठी खोली, भरपूर टेबले आणि मोजकी यंत्रे. मान्यतेची समिती येणार असली की आदल्या दिवशी टेम्पो यायचा. जळगाव-भुसावळच्या खासगी क्लासेसचे संगणक भाड्याने आणून टेबलांवर मांडले जायचे. त्यांच्या वायरी पुष्कळदा कुठेच जोडलेल्या नसत. समिती पाहून जायची, जेवायची, आणि टेम्पो भरून परत. एका वर्षी एका मॉनिटरवर कुठल्याशा क्लासचे 'चपला बाहेर काढाव्यात' हे स्टिकर तसेच राहिले होते. समितीतल्या एकाने ते वाचले, हसला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. मुरलीधरने हे मला सांगितले तेव्हा हसत नव्हता. "तो हसला, म्हणजे त्याला कळलं," एवढेच म्हणाला.

समितीसाठी प्रयोगशाळेच्या प्रमुखाने सही करायची असे. यंत्रे संस्थेची आहेत आणि त्यांवरचे सॉफ्टवेअर विकत घेतलेले आहे, अशी. सॉफ्टवेअर सगळे कॉपी केलेले होते. सुरुवातीला मुरलीधरने सही केली. सगळेच करत होते. मग एका वर्षी त्याने नकार दिला. वाद नको म्हणून त्याने तोडगाही काढला. एका इंग्रजी संगणक मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्याच्याकडे होती. तिच्यात लिनक्स होते. विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, पण कोणीही उघडून पाहावी आणि पैसे न देता वापरावी अशी. त्याने प्रयोगशाळेतल्या संस्थेच्या स्वतःच्या यंत्रांवर ते चढवले आणि मुलांची प्रॅक्टिकल्स त्यावर सुरू केली. अध्यक्षांना म्हणाला, "हे फुकटचं आहे, पण चोरीचं नाही. यावर सही करतो." अध्यक्षांना फुकट या शब्दाचा राग आला नाही. चोरी या शब्दाचा आला.

त्याच सुमारास त्याचा उजवा डोळा लाल झाला, मग डावा. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज होती आणि ती पुन्हा पुन्हा येणार होती. डॉक्टरांनी बाहुली मोठी ठेवणारे थेंब दिले. मोठ्या बाहुलीत उजेड शिरतो तो सुईसारखा, असे तो सांगे. जळगावच्या उन्हात हे थेंब घालून फिरणे म्हणजे काय, ते ज्याने फिरून पाहिले त्यालाच ठाऊक. तो घरातही काळा चष्मा लावू लागला. काचेच्या नळीचा मोठा मॉनिटर त्याला बघवेना. उजेड कमी केला तरी त्याची फडफड डोळ्याला लागे. लॅपटॉपचा सपाट पडदा फडफडत नाही, तो चालेल, असे डॉक्टर म्हणाले. मात्र उजेड अगदी मंद हवा.

अध्यक्षांनी त्याला बोलावले. "सर, दिसत नसेल तर शिकवणार कसं? मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे." मुलांचे भवितव्य हा शब्दप्रयोग त्या खोलीत फक्त कोणाला काढायचे असले की होत असे. मुरलीधर म्हणाला, दिसते. मग अट ठरली. समिती येण्याआधी त्याने सगळ्या स्टाफसमोर एक पूर्ण प्रॅक्टिकल स्वतः यंत्रावर करून दाखवायचे, आणि तेही त्याच्याच लिनक्सवर. जमले तर राहावे. संस्थेने समितीला दाखवण्यापुरता मुंबईहून एक सेकंडहँड लॅपटॉप आणला होता, तो त्याला देण्यात आला. "घेऊन जा. उद्या आमच्यावर बोल नको," अध्यक्ष म्हणाले.

त्या लॅपटॉपवर विंडोज होते तोवर सगळे ठीक होते. एक कळ दाबून ठेवून बाणाची कळ दाबली की पडदा पायरीपायरीने मंद होई. लिनक्स चढवले आणि त्याच कळांनी काहीही होईना. पडदा पूर्ण उजेडात पेटे आणि तसाच राही. कळ दाबली की लिनक्सला काहीतरी आल्याचे कळे, काय आले ते कळत नसे. पडद्यावर ओळ उमटे की ही कळ अनोळखी आहे. लॅपटॉपच्या कंपनीने उजेड कमी करायचे काम कळेत ठेवलेच नव्हते. ते विंडोजमध्ये चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामकडे दिले होते, आणि तो प्रोग्राम यंत्राच्या आत नेमके काय करतो हे कुठेही लिहिलेले नव्हते. मुरलीधरने कंपनीला विचारले. उत्तर आले की आम्ही फक्त विंडोजला मदत करतो. "उजेड मशीनचा, बटण मशीनचं, आणि परवानगी विंडोजची," तो म्हणाला. आंबट चेहऱ्याने.

शैलावहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सरळ बोलणाऱ्या. "अहो, मग विंडोजच वापरा ना. डोळे तुमचे जातील, त्या विंडोजवाल्याचं काय जाणार आहे?"

"दाखवायचं लिनक्सवर आहे."

"ते साहेबांना सांगा. म्हणावं, अट बदला."

"आणि मुलांना जे शिकवतो ते मलाच चालवता येत नसेल, तर साहेब म्हणतो ते बरोबरच आहे की."

"बरोबर असेल तर असू द्या! घरी बसा. मी पोसते तुम्हाला," वहिनी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा येत राहिला.

अध्यक्षांचा भाचा संस्थेचा खरेदी अधिकारी होता. त्याने मदत म्हणून लॅपटॉप स्वतःच्या गाडीत घातला आणि जीपच्या सीटकव्हरच्या दुकानात नेला. तिथे काचांना काळी फिल्म लावतात. दुकानदाराने पडदा उलटसुलट पाहून गंभीरपणे विचारले, "आतून लावू का बाहेरून?" बाहेरून लावली गेली. काम नीट होते, एक बुडबुडा नव्हता. पण ती जीपची फिल्म. आत बसलेल्याला लपवण्यासाठी केलेली. पडद्यात अक्षरांऐवजी मुरलीधरला स्वतःचा चष्मा आणि मागचा दरवाजा दिसू लागला. भाचा मात्र पुढे स्टाफरूममध्ये सांगत राहिला की सरांसाठी आम्ही केवढा खर्च केला, तरी त्यांना दिसत नाही. फिल्म सोलून काढायला मुरलीधरला एक दुपार लागली. पडद्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने ती नखाने सोलली.

मग त्याने एक्स-रे लावला. नोकरीला लागताना काढलेला छातीचा एक्स-रे कपाटात होता, तो पडद्याच्या मापाने कापला आणि वरून चिकटपट्टीने लटकवला. उजेड निम्म्याने कमी झाला. पण काळ्या भागातून अक्षरे सोसत, बरगड्यांच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या की उजेड पुन्हा टोचे. मधली ओळ वाचायची तर फिल्म वर सरकवावी लागे. याच दिवसांत त्याचे वडील, आबा, गावाहून आले होते. खाली केळीचा घड ठेवून ते पडद्यासमोर येऊन उभे राहिले.

"कोनाचं हाड हाये हे?"

"माझंच, आबा."

"मंग खराब काय झालं, डोये का छाती?"

मुरलीधर हसला. या सगळ्या प्रकरणात तो मनापासून हसलेला मी तेव्हाच पाहिला. आबा नंतर म्हणाले, गावाले ये, केयीच्या बागात सावली रायते, डोयाले बरं. मुरलीधर फिल्म वर सरकवून मधली ओळ वाचू लागला. आबांनी एक्स-रेकडे पुन्हा एकदा पाहिले आणि चहा मागितला.

शेवटी त्याने छापखान्याची पद्धत काढली. त्याचे म्हणणे असे की विंडोज उजेड कमी करते तेव्हा यंत्राच्या आत कुठेतरी एखादा आकडा बदलत असला पाहिजे. उजेड पूर्ण असताना आतले सगळे आकडे छापून घ्यायचे, एक पायरी कमी करून पुन्हा छापायचे, आणि दोन्ही कागद ताडून पाहायचे. बदललेला आकडा सापडला की लिनक्समधून तोच बदलता येईल. कागद तयार झाले. त्यावर बारीक आकड्यांच्या आणि अक्षरांच्या जोड्या, मुंग्यांच्या रांगांसारख्या. बाहुल्या मोठ्या झालेल्या डोळ्यांना जवळचे असले काही वाचता येत नाही. म्हणून एक कागद वहिनींनी मोठ्याने वाचायचा, दुसऱ्यावर बोट ठेवून मी ऐकायचे, आणि मुरलीधरने डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून मध्ये बसायचे, असे ठरले. उन्हाळ्याची सुटी होती. खिडक्यांना जुन्या चादरी, कूलरची घरघर, आणि त्यावर वहिनींचा शाळेतला आवाज.

"तीन एफ. शून्य शून्य. सात सी. सात सी. शून्य चार..."

"पाढे म्हणू नकोस, शैला. एकेक म्हण."

"मग तुम्हीच वाचा."

शेजारी शिरपूरकडचे निवृत्त कंडक्टर नाना राहत. खिडकीतून हा जप ऐकून ते एका दुपारी दारात आले. वहिनींना म्हणाले, "बठ्ठा आकडा तुमनाच घरमा. आमले बी सांगा ना, आज ओपन काय शे?" घरात मटका चालतो असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता. वहिनींनी त्यांना कागद दाखवला. नानांनी तो दूर धरून पाहिला आणि परत देत म्हणाले, "यामा तर एबीसीडी शे. हाई कोणतं मार्केट?"

आकडे सोपे नव्हते. पुष्कळ आकडे आपोआपच बदलत असत; यंत्राचे घड्याळ चालू असते, पंखा फिरत असतो. प्रत्येक फरकावर मी थांबवायचो आणि मुरलीधर 'पुढे' म्हणायचा. अशा काही दुपारी गेल्या. एक दिवस वहिनी नव्या कागदाची तिसरी ओळ वाचत होत्या, तेव्हा त्याने रुमाल काढला.

"थांब. हा आत्ताचा. आधीच्या कागदावर काय होता?"

"कुठल्या आधीच्या? इथे ढीग पडलाय."

"कुठल्याही. सगळे सांग."

वहिनींनी कागद पसरले आणि त्या एका जागेचे आकडे ओळीने वाचले. बाकीचे वर-खाली उड्या मारत होते. हा एकच, उजेडाच्या प्रत्येक पायरीला, शिस्तीत खाली उतरत होता.

त्यानंतरचे काम त्याला अवघड नव्हते. त्या जागी आकडा लिहिणारा चार ओळींचा प्रोग्राम त्याने लिहिला आणि लिनक्स ज्यांना अनोळखी म्हणत होते त्या कळांना तो जोडून दिला. कळ दाबली, पडदा एक पायरी उतरला. पुन्हा दाबली, पुन्हा उतरला. यंत्र बंद करून परत सुरू केले तरी शेवटचा उतरवलेला उजेडच यावा, अशीही सोय त्याने करून ठेवली. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एवढ्यासाठी?" वहिनींनी विचारले.

"एवढ्यासाठी."

"मग आता उठा. शेवभाजी केलीय, गार होईल."

प्रॅक्टिकलच्या दिवशी सगळा स्टाफ हजर होता. अध्यक्ष मध्यभागी खुर्चीवर, भाचा त्यांच्या मागे. मुरलीधरने लॅपटॉप सुरू केला, उजेड आणखी उतरवला, आणि संपूर्ण प्रॅक्टिकल अथपासून इतिपर्यंत करून दाखवले. मध्येच एका तरुण अध्यापकाने मुद्दाम प्रोग्राममध्ये चूक घातली. ती त्याने शोधून दाखवली. शेवटी कळांचे काम कसे केले हे तो दोन वाक्यांत सांगू लागला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे कळ दाबली की उजेड कमी होतो, एवढंच ना? अहो, ते तर आमच्या टीव्हीलाही होतं." लोक हसले. हसणाऱ्यांत संगणक शिकवणारे लोक होते.

नंतर समिती येऊन गेली. कागदावरच्या सहीसाठी दुसरा प्रमुख नेमला होता, त्याने ती केली. मग मुरलीधरला पत्र मिळाले. दृष्टिदोषामुळे यंत्रावर काम करण्यास असमर्थ, सबब अध्यापनास अपात्र. सोबत स्टाफचे निवेदन जोडले होते की सरांना पडद्यावरचे वाचता येत नसल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. ज्यांनी त्याला वाचताना पाहिले होते त्यांनीच खाली सह्या केल्या होत्या. चूक घालणारा तरुणही त्यांत होता. आपणच घातलेली चूक याच माणसाने शोधली, हे सही करताना त्याच्या मनात कसे आले नसेल, याचा मी पुष्कळ विचार केला. आले असणारच. माणसे विसरून सही करत नाहीत, आठवत असताना करतात. या सह्यांतली काही माणसे पुढे दारावर येऊन रडली. खोटे रडत नव्हती, ही त्यातली सर्वांत किळसवाणी गोष्ट.

लॅपटॉप संस्थेने परत घेतला आणि कपाटात ठेवला. मुरलीधर कोर्टात गेला नाही. धुळ्याच्या एका कॉलेजात तासांवर शिकवू लागला. तास झाला तर मोबदला, सुटी लागली तर काही नाही. जळगावहून सकाळची गाडी, एरंडोल, पारोळा, धुळे, आणि दुपारच्या उन्हात परत. खिडकीची जागा तो घेत नसे. त्याला काढल्याचे दुःख होते का, असे मी एकदा विचारले. "काढल्याचं नाही," तो म्हणाला. "त्यांनी लिहिलंय की दिसत नाही. ते खोटं आहे. एवढं त्यांनी परत घ्यावं, बाकी नोकरी त्यांना लखलाभ." अर्ज केले, भेटी मागितल्या. संस्थेने उत्तर दिले नाही. हे एक वाक्य परत घेतले जावे म्हणून तो शेवटपर्यंत अर्ज करत होता, आणि तेच घडले नाही.

गंधमुक्तीला माइक होता. दोन माजी सरपंच, एक बँकेचे संचालक आणि मग अध्यक्ष बोलले. मुरलीधरच्या नावाने संगणक प्रयोगशाळेचे नामकरण करण्याची घोषणा त्यांनी तिथेच केली. शैलावहिनी उठून मंडपाच्या कडेने त्यांच्यापर्यंत गेल्या. हळूच म्हणाल्या, "साहेब, नाव नको. ते अपात्र नव्हते, एवढं इथे माइकवर बोला."

अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला. "ताई, दुःखाचा प्रसंग आहे. कार्यक्रमाला या, तिथे बोलतो."

म्हणून वहिनी नामकरणाला गेल्या. मी बरोबर होतो. प्रयोगशाळेत हार घातलेला फोटो आणि त्याच्यासमोर टेबलावर तो लॅपटॉप ठेवला होता. अध्यक्ष बोलले. मुरलीधरने आमच्या संस्थेत, आमच्या प्रोत्साहनाने हे संशोधन केले असे म्हणाले. "डोळ्यांनी साथ सोडली, दिसत नव्हतं, तरी सर खचले नाहीत," असेही म्हणाले. टाळ्या पडल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. माइक पुढच्या वक्त्याकडे गेला.

भाषणांनंतर अध्यक्षांनी कळा दाबून पाहुण्यांना चमत्कार दाखवायचा होता. भाच्याने वायर जोडून लॅपटॉप सुरू केला. बाजूचा हिरवा दिवा लागला, आतून घरघर आली. पडदा काळाच राहिला. भाच्याने झाकण हलवले, वायर काढून पुन्हा लावली. स्टाफमधले दोघे-तिघे वाकून पाहून गेले. "डिस्प्ले गेला, साहेब. कपाटात राहून बंद पडलं," भाचा म्हणाला. झाकण लावून, त्यावर फुले ठेवून फोटो काढण्यात आला. तो आमच्याही अंकात आला. मग मंडळी नाश्त्याला गेली.

वहिनी मागे राहिल्या. त्यांनी फुले बाजूला केली, झाकण उघडले आणि खुर्चीवर बसल्या. पाठीमागच्या खिडकीचा उजेड पदराने अडवला. "भाऊ, जरा थांबा. डोळे सरावू द्या," त्या म्हणाल्या. मी शेजारी वाकून उभा राहिलो. काही वेळ काहीच दिसले नाही... मग काळ्यावर करडी अक्षरे वर येऊ लागली. वापरणाऱ्याचे नाव विचारणारी एक ओळ होती, आणि तिच्या पुढे लुकलुकणारी रिकामी जागा.

भाच्याने दारातून हाक मारली, "वहिनी, चला ना, नाश्ता गार होतोय. ते बंद मशीन काय बघताय?"

"बंद नाहीये," वहिनी मागे न वळता म्हणाल्या. "हे एवढ्याच उजेडात बसायचे."

तो आत आला. टेबलावर हात टेकून त्याने वाकून पडद्याकडे पाहिले, एकदा सरळ, एकदा तिरके. त्याला काही दिसले नाही. त्याने झाकण लावले आणि फुले पुन्हा त्यावर ठेवली.